तीन नावं आणि एकच देव: ख्रिस्ती लोकांचं त्रैक्य समजून घेताना

२०२५ साली एका सभेला १७०० वर्षं पूर्ण झाली. आजच्या तुर्कस्तानात तळ्याकाठी इझनिक नावाचं गाव आहे. त्याचं जुनं नाव निकेया. इ.स. ३२५ मध्ये तिथे ठिकठिकाणचे बिशप, म्हणजे ख्रिस्ती धर्माध्यक्ष, जमले आणि येशू ख्रिस्त नेमका कोण याबद्दल त्यांनी एक मजकूर ठरवला. त्या आठवणीसाठी २८ नोव्हेंबर २०२५ रोजी कॅथलिकांचे पोप लिओ चौदावे आणि पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये मानानं पहिले असलेले धर्मगुरू बार्थोलोम्यू यांनी तिथे एकत्र प्रार्थना केली. बातमी येऊन गेली, पण त्या सभेत भांडण कशावरून झालं होतं हे फारसं कुणी सांगितलं नाही.

विदर्भातल्या खेड्यांत ख्रिस्ती घरं थोडी असली तरी मंडळ्या बऱ्याच आहेत. नागपूर आणि अमरावतीचे कॅथलिक धर्मप्रांत, बल्लारपूरला केंद्र असलेला सिरो-मलबार परंपरेचा चांदा धर्मप्रांत, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, अकोला-खामगावकडची अलायन्स मंडळी, वाशीम-बुलढाण्याकडची नाझरीन मंडळी. उपासनेच्या पद्धती एकमेकींपासून पुष्कळ वेगळ्या. पण बाप्तिस्म्याच्या, म्हणजे पाण्यानं माणसाला ख्रिस्ती मंडळीत घेण्याच्या विधीच्या वेळी या सगळ्यांकडे शब्द तेच ऐकू येतात: पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने. पाहुणा म्हणून बसलेल्या शेजाऱ्याला तिथेच प्रश्न पडतो. हे लोक देव एकच म्हणतात, मग नावं तीन कशी?

प्रश्न रास्त आहे. कित्येक ख्रिस्ती माणसांनाही त्याचं उत्तर देता येत नाही, आणि ‘ते गूढ आहे बाप्पा’ एवढं म्हणून विषय संपवला जातो. गूढ ते आहेच. तरीही चर्चनं नेमकं काय म्हटलं आहे आणि काय म्हटलेलं नाही, हे स्पष्ट सांगता येतं.

शिकवण सात वाक्यांत

या शिकवणीला त्रैक्य म्हणतात. ती सात छोट्या वाक्यांत मावते. पिता देव आहे. पुत्र देव आहे. पवित्र आत्मा देव आहे. पिता म्हणजे पुत्र नव्हे. पुत्र म्हणजे पवित्र आत्मा नव्हे. पवित्र आत्मा म्हणजे पिता नव्हे. आणि देव एकच आहे.

ही सातही वाक्यं एकदम धरायची असतात. एखादं सोडलं की बाकीचं लगेच सोपं वाटू लागतं, आणि पुढे ज्यांना पाखंड म्हटलं गेलं ती मतं बहुतेक अशीच, एखादं वाक्य सोडून तयार झाली.

यासाठी दोन शब्द लागतात. ‘हे काय आहे?’ या प्रश्नाचं उत्तर म्हणजे सत्त्व. ‘हा कोण आहे?’ या प्रश्नाचं उत्तर म्हणजे व्यक्ती. देवाबद्दल ‘काय आहे’ विचारलं तर उत्तर एक: देव. ‘कोण आहे’ विचारलं तर उत्तरं तीन: पिता, पुत्र, पवित्र आत्मा. म्हणून ‘एक अधिक एक अधिक एक म्हणजे तीन, एक कसा होईल’ हा हिशेब इथे लागू पडत नाही. ‘देव एक आहे आणि देव तीन आहेत’ असं कुणी म्हटलं असतं तर ते उघड चुकलं असतं. तसं चर्चनं कधीच म्हटलेलं नाही.

मग तिघांत फरक कशाचा? ताकदीचा नाही, ज्ञानाचा नाही, मानाचा नाही, वयाचाही नाही. फरक फक्त नात्याचा. पिता कुणापासून आलेला नाही. पुत्र पित्यापासून जन्मलेला आहे, पण कुठल्या दिवशी किंवा काळात नाही. पुत्र नव्हता अशी वेळच नव्हती. पवित्र आत्मा पित्यापासून निघतो, तोही अनादी. एवढं नातं बाजूला काढलं तर तिघांमध्ये सांगण्यासारखा दुसरा कोणताही फरक उरत नाही.

सातबाऱ्यावर तीन नावं

सामाईक खात्याचा सातबारा डोळ्यांसमोर आणा. एकाच गटावर तीन भावांची नावं आहेत, वाटणी झालेली नाही. हे वावर कुणाचं, असं विचारलं तर उत्तर: तिघांचं. या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत कुठल्याही ढेकळावर बोट ठेवा, ते एकट्या थोरल्याचं म्हणता येत नाही. गट नंबर मात्र एकच. नावं तीन लिहिली म्हणून वावरं तीन होत नाहीत. नावं मोजणं वेगळं आणि वावर मोजणं वेगळं, हे तलाठ्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

ही तुलना इथपर्यंतच चालते, आणि ती कुठे मोडते हे कळणं जास्त कामाचं आहे. कागदावर प्रत्येक भावाचा हिस्सा तिसरा असतो, उद्या मोजणी आणून वाटणीही करता येते. देवात हिस्सा नाही. पिता हा तिसऱ्या हिश्श्याचा देव नाही, तो पूर्ण देव आहे. पुत्रही पूर्ण, आत्माही पूर्ण. दुसरं असं की भाऊ वावराच्या आधीपासूनची माणसं असतात आणि वावर ही त्यांच्या ताब्यातली वस्तू. देवपण ही तिघांनी मिळून धरलेली वेगळी वस्तू नाही. तिसरं, भावांची मनं तीन असतात, म्हणून तर तंटे होतात. देवाची इच्छा एक आहे. पित्याला शिक्षा करायची होती आणि पुत्रानं मध्ये पडून वाचवलं, असं काही प्रचारक रंगवून सांगतात. ते चर्चच्या शिकवणीला सोडून आहे.

पाणी, बर्फ, वाफ

रविवारच्या शाळेत मुलांना हमखास दिलं जाणारं उदाहरण: एकच पाणी कधी बर्फ होतं, कधी वाफ. ऐकायला छान, पण शिकवण चुकीची. एकच पाणी आधी बर्फ असतं, मग पाणी होतं, मग वाफ होते. तसा एकच देव आधी पिता झाला, मग येशू झाला, आता आत्मा झाला, असा त्याचा अर्थ निघतो. तिसऱ्या शतकात रोममध्ये साबेलियस नावाच्या शिक्षकाशी हे मत जोडलं गेलं आणि चर्चनं ते नाकारलं. कारण साधं आहे. बायबलात येशूच्या बाप्तिस्म्याचा प्रसंग वाचा (मत्तयाचं पुस्तक, अध्याय ३, वचनं १६-१७): पुत्र यार्देन नदीतून वर येतो आहे, आत्मा कबुतरासारखा उतरतो आहे, पित्याची वाणी आकाशातून होते आहे. तिघं एकाच वेळी आहेत. एकानंच वेषांतर केलं असेल तर तो बोलत कुणाशी होता?

‘एकच माणूस कुणाचा बाप, कुणाचा मुलगा, कुणाचा भाऊ असतो’ हे उदाहरणही याच खड्ड्यात पडतं. आज ‘फक्त येशू’च्या नावानं बाप्तिस्मा देणाऱ्या काही पेंटेकॉस्टल मंडळ्या साधारण हेच मत मानतात. त्यांचा वेगळा प्रवाह अमेरिकेत १९१६ च्या सुमारास फुटून निघाला.

निकेयात भांडण कशावरून झालं

इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात एरियस नावाचा एक पाद्री होता. तो येशूला तुच्छ लेखत नव्हता. देवानं सर्वांत आधी निर्माण केलेला, सगळ्या सृष्टीहून श्रेष्ठ असा तो येशूला मानत होता. पण निर्माण केलेला. ‘तो नव्हता अशी एक वेळ होती’ असं त्याच्या बाजूचे लोक म्हणत. मत सुटसुटीत होतं, देवाचं एकपण त्यात राखलं जात होतं, आणि ते झपाट्यानं पसरलं.

विरोधकांचं म्हणणं असं: येशू निर्माण केलेला असेल तर इतकी वर्षं आपण त्याची उपासना करत आलो, म्हणजे देव सोडून दुसऱ्या कुणाला तरी नमस्कार करत आलो. आणि जो स्वतः निर्मित आहे तो आपल्याला देवापर्यंत नेणार कसा? तो फार तर देवाचा निरोप आणेल. निरोप्या कितीही मोठा असला तरी तो निरोप पाठवणारा होत नाही.

सभेनं या दुसऱ्या बाजूनं कौल दिला. पुत्र हा ‘देवापासून देव, प्रकाशापासून प्रकाश, खऱ्या देवापासून खरा देव, जन्मलेला, निर्माण केलेला नव्हे, पित्याशी एकसत्त्व’ असल्याचं लिहिलं गेलं. परंपरेत बिशपांची संख्या ३१८ सांगतात. मजकुराला शेवटपर्यंत नकार देणारे बिशप फक्त दोन निघाले, आणि त्यांना एरियसबरोबर हद्दपार केलं गेलं.

इथे एक आक्षेप नेहमी येतो: हे सगळं रोमन बादशहा कॉन्स्टंटाइननं राजकारणासाठी लादलं, येशूला देव त्यानंच ठरवलं. सभा त्यानं बोलावली आणि तिचा खर्च केला, हे खरं. साम्राज्यात भांडण नको ही त्याची गरज होती, हेही खरं. पण पुढचा इतिहास पाहिला तर हा आक्षेप टिकत नाही. काही वर्षांतच कॉन्स्टंटाइननं एरियसला परत बोलावलं. ३३७ मध्ये मरणापूर्वी त्याचा बाप्तिस्मा ज्या बिशपनं केला, तो एरियसच्याच बाजूचा होता. त्याचा मुलगा कॉन्स्टंटियस तर उघड निकेयाच्या विरोधात गेला. निकेयाची बाजू लावून धरणारा अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस पाच वेळा हद्दपार झाला. बादशाहांचं बळ पुष्कळ काळ उलट्या बाजूला होतं, आणि तरीही हा मजकूर टिकला. ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या सभेत तो पक्का झाला आणि पवित्र आत्म्याबद्दलची वाक्यं त्यात आली. ३२५ च्या मजकुरात आत्म्याबद्दल फक्त उल्लेख होता. मधली छप्पन्न वर्षं वादात गेली. बायबलात कोणती पुस्तकं असावीत हे निकेयात ठरलं, असंही पुष्कळदा ऐकू येतं. तो विषय त्या सभेपुढे नव्हताच.

या मजकुराचा नागपूरशीही संबंध आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा वेगवेगळ्या चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. उपासनेपासून बाप्तिस्म्याच्या वयापर्यंत त्यांच्यात मतभेद होते. एकत्र येताना त्यांनी प्रेषितांचा मतांगीकार (मतांगीकार म्हणजे श्रद्धेचा ठरलेला मजकूर) आणि हा निकेयाचा मतांगीकार, दोन्ही समान पाया म्हणून मान्य केले.

बायबलात हा शब्दच नाही

खरंच, ‘त्रैक्य’ हा शब्द बायबलात नाही. त्यासाठी ‘त्रिनितास’ हा लॅटिन शब्द उत्तर आफ्रिकेतल्या टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकानं इ.स. २०० च्या आसपास वापरला. पण शब्द नंतर आला म्हणून गोष्ट नंतरची ठरत नाही.

येशू आणि त्याचे शिष्य यहुदी होते. ‘हे इस्राएला, श्रवण कर, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एकच आहे’ (अनुवाद ६:४) हे वचन धार्मिक यहुदी रोज सकाळ-संध्याकाळ म्हणतात. अशा लोकांनी एका माणसाला प्रभू म्हणून त्याच्यापुढे गुडघे टेकावेत, ही साधी घटना नाही. इ.स. ५५ च्या सुमारास करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिताना येशूचा प्रेषित पौल याच वचनात येशूला घेऊन येतो: आपला एकच देव, म्हणजे पिता, आणि एकच प्रभू, म्हणजे येशू ख्रिस्त (१ करिंथ ८:६). हे येशूच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांच्या आतबाहेर लिहिलेलं आहे. इ.स. ११२ च्या सुमारास प्लिनी नावाचा रोमन सुभेदार बादशहाला कळवतो की हे ख्रिस्ती लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात. तो सुभेदार बिथिनिया प्रांताचा होता, आणि निकेया त्याच प्रांतात येतं. म्हणजे सभेच्या दोनशे वर्षं आधी त्याच मुलखात ख्रिस्ताची उपासना चालू होती. बिशपांनी तिची मांडणी केली.

मत्तय २८:१९ मध्ये बाप्तिस्म्याची आज्ञा आहे, त्यात नाव एकवचनी आणि पिता, पुत्र, आत्मा तिघं. २ करिंथ १३:१४ मध्ये आशीर्वादात तिघं. योहान १:१ मध्ये ‘प्रारंभी शब्द होता, शब्द देवासह होता आणि शब्द देव होता’: इथे शब्द म्हणजे पुत्र; देवासह आणि देव, दोन्ही एकाच वाक्यात. घरोघरी पुस्तिका घेऊन येणारे यहोवाचे साक्षीदार इथे ‘एक देव’, म्हणजे धाकटा कुणी देवासारखा, असं भाषांतर करतात. त्यांचं मत एरियसच्या मताजवळचं आहे.

ख्रिस्ती बाजूनं मात्र एक चुकीचा पुरावा देऊ नये. काही जुन्या छापील बायबलांत १ योहान ५:७ मध्ये ‘स्वर्गात साक्ष देणारे तिघं, आणि हे तिघं एक आहेत’ असं वाक्य सापडतं. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत ते नाही. इरॅस्मस या विद्वानानं ग्रीक नवा करार (बायबलचा येशूनंतरचा भाग) छापला तेव्हा १५१६ आणि १५१९ च्या आवृत्त्यांत ते घेतलं नाही, दबाव आल्यावर १५२२ मध्ये घातलं. आजची बहुतेक भाषांतरं ते गाळतात. त्रैक्याला त्या वाक्याची गरज नाही; निकेयातल्या वादातही ते कुणी पुढे केलं नव्हतं.

म्हणजे ब्रह्मा-विष्णू-महेशच ना?

वाशीम जिल्ह्यातलं कारंजा नृसिंहसरस्वतींचं जन्मस्थान, पलीकडे माहूर. इथल्या माणसाला तीन मुखांचा दत्त लगेच आठवणार, आणि आठवावाच. पण मांडणी वेगळी आहे. ब्रह्मा उत्पत्ती करतो, विष्णू पालन, महेश संहार, अशी कामांची विभागणी आपण शिकलो. त्रैक्यात कामं वाटलेली नाहीत. निर्मिती पित्याची, तशीच पुत्राची आणि आत्म्याचीही. चौथ्या शतकात बिशप बासिल, त्याचा भाऊ निस्साचा ग्रेगरी आणि त्यांचा मित्र नाझियान्झचा ग्रेगरी यांनी ‘तीन देव का नाहीत’ याचं उत्तर याच मुद्द्यावर दिलं. तीन माणसं तीन वेगळी कामं करतात, एक दुसऱ्याविना काम उरकू शकतो. देवाचं प्रत्येक काम पित्यापासून सुरू होतं, पुत्राद्वारे होतं आणि आत्म्यात पूर्ण होतं, आणि ते एकच काम असतं.

माझ्या मते विदर्भातल्या माणसाला त्रिमूर्तीपेक्षा महानुभाव विचार जास्त उपयोगी पडेल. रिद्धपूरच्या परंपरेत देवता आणि परमेश्वर यांत काटेकोर फरक आहे: देवता अनेक, परमेश्वर एकच, आणि तारणारा तोच. श्रीकृष्णापासून चक्रधरस्वामींपर्यंत पाच अवतार हे देवतांचे नसून खुद्द परमेश्वराचे, असं तो पंथ मानतो. एरियसला विरोध करणाऱ्यांचा आग्रह याच जातीचा होता: आला तो मधला कुणी नाही, खुद्द देव आला. फरकही मोठा आहे. ख्रिस्ती मतानुसार पुत्र एकदाच माणूस झाला, आणि ते माणूसपण त्यानं परत टाकलं नाही. मेलेल्यांतून उठलेला येशू आजही माणूस आहे. शिवाय आलेला पुत्र आणि त्याला पाठवणारा पिता ही दोन वेगळी नावं आहेत, एकाच्या दोन अवस्था नाहीत.

देवाला मुलगा कसा?

हा आक्षेप मुस्लीम शेजारी ठामपणे घेतात. अल्लाहनं कुणाला जन्म दिला नाही आणि त्याला कुणी जन्म दिला नाही, हे कुराणाच्या ११२ व्या सूऱ्यात आहे. देवानं पत्नी करून मूल जन्माला घातलं, असा अर्थ असेल तर तो ख्रिस्ती माणसालाही तितकाच अमान्य आहे. मरियेच्या पोटी येशू जन्मला तेव्हा पुत्र सुरू झाला नाही. आधीपासून असलेला पुत्र तेव्हा माणूस झाला. पुत्र म्हणण्यात दोन गोष्टी सांगायच्या आहेत: तो पित्यापासून आहे, आणि पिता जे आहे तेच तो आहे. माणसाचं मूल माणूसच असतं. माणसानं घडवलेला नांगर माणूस नसतो. ‘जन्मलेला, निर्माण केलेला नव्हे’ याचा अर्थ इतकाच. एवढं साफ केल्यावरही इस्लामशी मतभेद उरतोच, आणि तो झाकू नये: एका देवामध्येच अनादी नातं असू शकतं का, यावर दोन्ही धर्मांची उत्तरं वेगळी आहेत.

येशू देव होता, तर प्रार्थना कुणाला करत होता?

पित्याला. तिघं एकमेकांहून वेगळे आहेत हे पहिल्या सात वाक्यांतच आलं आहे, त्यामुळे पुत्र पित्याशी बोलतो यात विरोध नाही. खरी अडचण पुढची. येशू थकतो, नावेत झोपतो, मित्र लाजराच्या कबरीजवळ रडतो. ‘पिता माझ्यापेक्षा थोर आहे’ म्हणतो (योहान १४:२८). शेवटचा दिवस पुत्रालाही ठाऊक नाही, असं सांगतो (मार्क १३:३२). एरियसचे लोक हीच वचनं पुढे करत.

४५१ मध्ये कॅल्सेडोनच्या सभेनं याचं उत्तर बांधून दिलं: येशू पूर्ण देव आणि पूर्ण माणूस आहे, दोन्ही स्वभाव एकाच व्यक्तीत, मिसळून न जाता आणि वेगळे न होता. भूक, झोप, रडणं, न कळणं हे माणूसपणाचं. ते नाटक नव्हतं. अर्धा देव आणि अर्धा माणूस असं मिश्रण झालं असतं तर तो दोन्ही नसता. वधस्तंभावर येशू मेला तेव्हा जग कोण चालवत होतं, या प्रश्नाचंही उत्तर इथेच आहे: मरण माणूसपणात आलं, देवपण मेलं नाही. मात्र मरणारा ‘कोण’ होता असं विचारलं, तर उत्तर देवपुत्र हेच राहतं.

हा पेच नवशिक्यालाच पडतो असंही नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला. त्यानंतर अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, भगिनींना लिहिलेल्या पत्रांत त्यांनी त्रैक्यावर कठोर प्रश्न विचारले. चर्च सांगतं म्हणून मान डोलवायला त्या तयार नव्हत्या. अशा प्रश्नांना घाबरण्याचं चर्चला कारण नाही. ही शिकवण घडलीच मुळी प्रश्नांतून.

पवित्र आत्मा आणि अंगात येणं

खेड्यात आत्मा म्हटलं की मेलेल्याचा आत्मा, झपाटणं, अंगात येणं हेच आधी डोळ्यांपुढे येतं. पवित्र आत्मा हा त्यातला नाही. तो कुणा मेलेल्याचा नाही आणि विजेसारखी नुसती शक्तीही नाही. बायबलात तो शिकवतो (योहान १४:२६), बोलतो (प्रेषितांची कृत्ये १३:२), खिन्न होतो (इफिस ४:३०). पहिल्या मंडळीतला हनन्या जमिनीच्या पैशांबद्दल लबाडी करतो तेव्हा येशूचा शिष्य पेत्र त्याला म्हणतो की तू पवित्र आत्म्याशी खोटं बोललास, आणि लगेच पुढे: तू माणसांशी नाही, देवाशी खोटं बोललास (कृत्ये ५:३-४).

आत्मा आला की घुमणं, पडणं, ओरडणं झालंच पाहिजे, असं या शिकवणीत कुठेही नाही. गलती ५:२२-२३ मध्ये आत्म्याचं फळ दिलं आहे: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. ही पारख घरच्या लोकांना रोज करता येते. आत्म्याच्या भरवशावर आजाऱ्याची औषधं बंद करा, असं कुणी सांगत असेल तर त्याला त्रैक्याचा कसलाही आधार नाही.

आत्मा पित्यापासून निघतो की पित्यापासून आणि पुत्रापासून, यावर पूर्व आणि पश्चिम चर्चमध्ये जुना वाद आहे. १०५४ च्या फाटाफुटीत त्याचा मोठा वाटा होता. गावपातळीवर त्यानं काही अडत नाही.

यानं फरक काय पडतो?

बायबल म्हणतं, देव प्रीती आहे (१ योहान ४:८). प्रीतीला दुसरं कुणी लागतं. देव एकटा, एकलकोंडा असता तर प्रीती करायला त्याला आधी जग निर्माण करावं लागलं असतं. मग जग ही त्याची गरज ठरली असती, आणि गरजेपोटी केलेल्या प्रेमावर किती भरवसा ठेवणार? त्रैक्यात जग नव्हतं तेव्हाही पिता पुत्रावर प्रीती करत होता. आपल्याला मिळतं ते त्या भरलेल्यातून ओसंडलेलं.

दुसरा फरक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तूर फुलोऱ्यात असताना गारपीट झाली, कपाशीवर बोंडअळी पडली, घरातलं लेकरू गेलं, की माणूस विचारतो: देव माझ्यावर कोपला का? येशू फक्त चांगला निरोप्या असेल तर त्याची दया ही त्याची स्वतःची दया. त्याला पाठवणारा कसा आहे, हे कोडंच राहतं. आजाऱ्याला हात लावणाऱ्या येशूच्या पाठीमागे वेगळ्या स्वभावाचा, रागावलेला देव बसलेला असू शकतो. पित्याशी एकसत्त्व हे शब्द ती शक्यता काढून टाकतात. जसा येशू, तसाच देव. गारपीट का झाली याचं उत्तर त्यातून मिळत नाही. पण सूड उगवणारा देव येशूआड दडला आहे, ही भीती बाळगण्याचं कारण उरत नाही.

चर्चमध्ये हे कुठे दिसतं

बाप्तिस्म्यात पाणी बहुधा तीन वेळा ओततात किंवा एकदा पूर्ण बुडवतात. पाण्याच्या पद्धतीत सूट आहे, शब्दांत नाही. ‘निर्माता, उद्धारक, पावन करणारा’ अशी नावं घेऊन दिलेला बाप्तिस्मा ग्राह्य नाही, असं कॅथलिक चर्चनं २००८ मध्ये स्पष्ट केलं, कारण ती कामांची नावं आहेत आणि कामं तिघांचीही सामाईक. ‘मी तुला बाप्तिस्मा देतो’ऐवजी ‘आम्ही तुला’ म्हटलं तरी तो ग्राह्य नाही, असं २०२० मध्ये सांगितलं. दुसऱ्या मंडळीतून आलेल्याला पुन्हा बाप्तिस्मा द्यायचा की नाही, हे ठरवताना पाद्री म्हणूनच आधी कोणते शब्द वापरले होते ते विचारतात. लग्नाच्या वेळी दाखला मागतात तेव्हाही यावरून खोळंबा होतो, त्यामुळे बाप्तिस्म्याचा दाखला जपून ठेवावा.

प्रार्थनेची चाल साधारण अशी असते: पित्याला उद्देशून, येशूच्या नावानं, आत्म्याच्या साहाय्यानं. येशूला किंवा आत्म्याला थेट प्रार्थना केली तरी चूक नाही.

ईस्टरनंतरच्या आठव्या रविवारी अनेक चर्चमध्ये त्रैक्य रविवार पाळतात. २०२६ मध्ये ईस्टर ५ एप्रिलला, म्हणून हा रविवार ३१ मे रोजी येतो. त्या दिवशीचं प्रवचन याच विषयावर असतं, आणि उपासनेला बाहेरच्या माणसानं मागच्या बाकावर बसायला सहसा कुणी हरकत घेत नाही. घरी वाचायचं असेल तर त्रैक्यापासून सुरुवात करू नये. आधी मार्क, कारण ते सोळा अध्यायांचं सर्वांत छोटं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या आयुष्याचं पुस्तक, आहे आणि त्यात येशू काय करतो ते दिसतं. मग योहानाचा पहिला अध्याय, आणि त्यानंतर चौदा ते सतरा हे चार अध्याय सलग. पिता, पुत्र आणि आत्मा यांच्याबद्दल येशू सर्वांत सविस्तर बोलतो ते तिथेच.